चांद्याचा कोळसा

आपल्या लोधिवलीच्या जमिनीत कोळसा नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लेखाचे नाव वाचून एखादी भगिनी घाबरून जायची. इर्शाळगडापासून पाताळगंगेपर्यंत जिकडे पाहावे तिकडे आपला काळा फत्तर. तो ज्वालामुखीच्या रसाचा, आणि त्याचे वय साधारण साडेसहा कोटी वर्षे. कोळसा त्याहून पुष्कळ म्हातारा. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी वर्धा नदीच्या खोऱ्यात दलदलीची जंगले होती. ती गाडली गेली, दबली, आणि त्यांचा कोळसा झाला. आपल्या राज्यात तो सापडतो तो विदर्भात, मुख्यतः चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत. माझे माहेर यांतील पहिल्या जिल्ह्यातले. आमच्या लहानपणी घरची जुनी माणसे त्याला चांदाच म्हणत, आणि तोंडात बसलेले नाव जात नाही म्हणून मीही मधूनमधून चांदा म्हणणार आहे. गावाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही. तिथला वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या वहिनीला तिथेच दिवस काढायचे आहेत.

मंडळात गप्पांच्या ओघात मला पुष्कळदा विचारले जाते, "अहो, तुमच्याकडे खाणी, म्हणजे नोकऱ्या, क्वार्टर, बोनस! मग माहेरची तक्रार ती कसली?" प्रश्न अगदीच गैर नाही. खाणीच्या पगारावर आमच्याकडे मुलामुलींची शिक्षणे झाली, लग्ने झाली, दोन खोल्यांची चार झाली. त्या पगाराचा उपमर्द मी करणार नाही. पण तक्रारही खरी आहे आणि ती आजकालची नाही. तिला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो या वर्धापनदिनाच्या निमित्ताने थोडा मांडावा असे मनात आले.

आधी आपल्या बाजूचे पाहू. कारण कोळसा इथे निघत नसला, तरी आपला त्याच्याशी संबंध नाही असे मुळीच नाही. १८६३ साली भोर घाटातून आगगाडी धावू लागली. कर्जतला गाडी थांबायची, तिला जादा इंजिन लागायचे आणि मग ती धापा टाकीत घाट चढायची. जादा इंजिन अजूनही लागते. परंतु १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज येईपर्यंत ते इंजिन कोळसा खात असे. माझ्या सासूबाई सांगत, त्यांच्या सासूबाईंनी स्टेशनच्या जवळ अंगणात वाळवण म्हणून कधी घातले नाही; सांडग्यावर काजळी बसे. मी हे ऐकले तेव्हा मनात म्हटले, म्हणजे माझ्या माहेरचा धूर सासरीही येऊन गेला होता म्हणायचा.

मुंबईच्या कापडगिरण्याही कोळशावरच चालत. त्यांच्या धुराड्यांनी शहर काळवंडले, म्हणून पाण्यावर वीज करण्याची कल्पना जमशेटजी टाटांनी धरली. ते १९०४ साली वारले. योजना पुढच्यांनी पुरी केली, आणि १९१५ साली आपल्याच तालुक्यातल्या खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून १,७०० फुटांहून अधिक खाली खोपोलीला आणून त्यावर चक्रे फिरवायची. चक्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेत येते, म्हणून तर भर वैशाखातही आपल्या नदीला पाणी असते. कोळसा वाचला, धूर वाचला, आपल्याला नदी मिळाली. पण याच धर्तीवर पुढचे धरण मुळशीला बांधायला घेतले, तेव्हा मावळातली पन्नासेक गावे आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली जायची वेळ आली. १९२१ पासून सेनापती बापटांनी आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो मोडला गेला, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. तेही आपल्याच जिल्ह्यात. वीज कुठून तरी यायचीच, आणि जिथून येते तिथल्या माणसांना कुणी विचारीत नाही, हे आपण कोळशाशिवायही पाहिलेले आहे.

शिवाय सगळी वीज पाण्याची थोडीच आहे? चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथली वीज मुंबई-ठाण्याकडे आणण्यासाठी चंद्रपूरपासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची एक खास वाहिनी टाकलेली आहे. ती १९९९ पासून चालू आहे. आपण इकडे मिक्सर लावतो तेव्हा तिकडे कुणाच्या तरी तुळशीवर राख पडते, असे मी एकदा मंडळात म्हटले होते. कुणाला ते झोंबलेही. पण ती अलंकारिक भाषा नव्हती, आमच्या तुळशीची पाने मी स्वतः ओल्या फडक्याने पुसलेली आहेत.

आता चांद्याकडे. मुंबईहून नागपूरला आगगाडी १८६७ साली पोचली. इतक्या लांबवर इंजिने चालवायची तर कोळसा जवळपास हवा. विलायतेहून बोटीने आणायचा आणि पुन्हा गाडीत घालून आत न्यायचा, हे परवडणारे नव्हते. म्हणून सरकारने १८७० नंतरच्या वर्षांत वरोऱ्याला खाण काढली आणि वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग टाकला. त्याचे सरकारी नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे असे होते. माणसांना पंढरपूरला किंवा काशीला नेण्यासाठी तो टाकलेला नव्हता, हे नावावरूनच कळते. माणसे बसली ती आपल्या हुशारीने, आणि कापसाचे गठ्ठेही गेले.

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली. एक पिढीभर चाललेली सरकारी खाण बंद झाली की त्या गावाचे काय होते, हे आमच्या जिल्ह्याने तेव्हाच पाहिले. वरोरा तगले ते माझ्या मते कापसाच्या बाजारामुळे. नुसत्या कोळशावर उभे असते तर ओसाड झाले असते. (बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन वसवले ते याच वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर. जमिनीतून काढून न्यायचे आणि जमिनीत घालायचे, असे दोन प्रकारचे उद्योग एकाच गावाने पाहिले.) तोवर सरकारचे लक्ष बल्लारपूरकडे वळले होते. मग घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर अशी एकेका गावाच्या नावापुढे खाण लागत गेली. १९२९ साली बल्लारशाह ते काझीपेठ मार्ग पुरा झाला, दिल्ली-मद्रास गाड्या आमच्या जिल्ह्यातून धावू लागल्या, आणि कोळशाला दक्षिणेचीही वाट उघडली.

त्या काळच्या खाणी बहुतेक जमिनीच्या पोटातल्या. त्यांची रीत अशी की कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या खणायच्या आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे, म्हणजे वरचे छत टिकते. मग शेवटी शेवटी मालकाची नजर त्या खांबांवर जाते. कारण खांबही कोळशाचेच! ते काढायचे तर पोकळीत नदीची वाळू भरली पाहिजे, नाहीतर वरची जमीन आज ना उद्या खाली बसते. वाळू भरण्यासाठी १९३९ साली सरकारला खास कायदा करावा लागला, यावरूनच कळते की आपखुशीने ती कोण भरीत होते. जमिनीवरच्या माणसाला मात्र आपल्या चुलीखाली खांब आहे, वाळू आहे की नुसती पोकळी आहे, हे कळायला मार्ग नसतो. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

या खाणींत बायकाही उतरत. नवरा कोळसा पाडी आणि बायको टोपलीने वाहून डब्यात भरी, अशी जोडीची मजुरी असे. १९२९ साली सरकारने नियम केला की खाणीच्या पोटात काम करणाऱ्या बायका क्रमाक्रमाने कमी करीत न्याव्यात. १९३७ साली पुरी बंदी झाली. मग महायुद्ध आले. कोळसा कमी पडू लागला, पुरुष मजूर लष्करी बांधकामांवर जास्त मजुरीला गेले, आणि १९४३ साली ती बंदी उठवली गेली, ती सर्वांत आधी आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. ही युद्धकाळापुरती निकडीची गोष्ट आहे, आणि या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्यावयाची आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. अखिल भारतीय महिला परिषदेने, जिचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरले होते, बंदी उठवण्याला कडकडून विरोध केला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

माझी आजी त्या तीन वर्षांत खाणीत उतरलेली बाई. माझे वडील तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. मी शाळेत असताना हे कुणीसे सांगितले, तेव्हा मला फार लाज वाटली होती आणि अभिमानही वाटला होता, दोन्ही एकदम. मी तिला विचारले, "आजी, अंधाराची भीती नाही वाटली का तुला?" ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "पोटाले का उजेड-अंधार समजते, बाई?" बंदी पुन्हा आली तेव्हा ती वर आली आणि वीटभट्टीवर गेली, मजुरी निम्म्याहून कमी झाली असे ती सांगे. महिला परिषदेच्या भगिनी बरोबर होत्या, यात मला शंका नाही. पोटुशा बायांनी तिथे उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होता. पण आजीचे निम्मे पैसे कुठे गेले, याचा हिशेब कोणत्याही ठरावात आला नाही. १९५२ च्या खाण कायद्याने ही बंदी कायम ठेवली. २०१९ साली केंद्र सरकारने ती काही अटींवर शिथिल केली. आता आमच्याकडच्या शिकलेल्या मुली खाणीत इंजिनिअर म्हणून जाऊ शकतात. आजी असती तर तिने काय म्हटले असते, कोण जाणे.

१९७३ साली कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली आणि तिच्या अंगची, नागपूरला कचेरी असलेली कंपनी आमच्या वाट्याला आली. चांद्याकडची वर्तमानपत्रे तिला 'वेकोलि' म्हणतात. मजुरांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. ठेकेदाराची दादागिरी कमी झाली, पगार बांधला गेला, दवाखाने निघाले. त्याच सुमाराच्या पुढे दुसराही एक बदल झाला, तो मात्र गावांना जड गेला. पोटातल्या खाणींऐवजी उघड्या खाणी वाढू लागल्या. उघडी खाण म्हणजे कोळशावरची सगळी माती, शेत, झाड, विहीर, देऊळ यांसकट उचलून बाजूला टाकायची आणि मग खालचा कोळसा यंत्राने भरायचा. कोळसा स्वस्त पडतो, माणसे कमी लागतात, खाली दबून मरण्याचे भय कमी. परंतु बाजूला टाकलेल्या मातीचे डोंगर होतात. आमच्या सपाट मुलुखात हे डोंगर लांबून दिसतात. पाव्हणा विचारतो, हा कोणता गड? गड कसला! ती आमची शेते आहेत, उलटी करून ठेवलेली.

आमच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचे समजेल. विहीर तीस हात खोल, आजोबांनी बांधलेली. गावापासून मैलभरावर उघडी खाण सुरू झाली. खाणीचा तळ आमच्या विहिरीच्या तळाहून खोल. आणि खाणीत कोळसा काढायचा तर तिथले पाणी पंपाने सतत उपसावे लागते. पाणी उतारानेच जाणार, हा शाळेतला धडा आहे. तीन-चार वर्षांत आमच्या विहिरीला मार्गशीर्षापर्यंतच पाणी राहू लागले, मग कार्तिकापर्यंत. टँकर येऊ लागला. घरातल्या मुली सकाळची शाळा सोडून हंडे घेऊन उभ्या. दुपारी सुरुंग उडे तेव्हा मांडणीवरची भांडी वाजत, आणि देवघराच्या भिंतीला पडलेली चीर दर पावसाळ्यानंतर बोटभर वाढे. पापड-कुरडया घरात पंख्याखाली वाळवायच्या. भावाने अर्ज केले. उत्तर येई की सर्व काही ठरलेल्या मर्यादेत आहे. मर्यादा कुणी ठरवली आणि कुठे उभे राहून मोजली, हे उत्तरात नसे.

माझा भाऊ २०२१ साली गेला. २०२४ च्या दिवाळीनंतर त्याच्या मागे राहिलेल्या चार एकरांची नोटीस आली. यापुढचे थोडे कायद्याचे आहे, पण आपल्या भगिनींनी कंटाळू नये. कारण जमीन घेण्याचे कायदे कोळशापुरते नसतात.

कोळशाची जमीन घेण्यासाठी १९५७ चा एक वेगळाच कायदा आहे. आधी सरकार राजपत्रात जाहीर करते की इथे कोळसा आहे की काय हे पाहायचे आहे. मग दुसरी जाहिरात, की ही जमीन घेण्याचा इरादा आहे. त्या जाहिरातीपासून तीस दिवसांत ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याने लेखी हरकत घ्यायची. नंतर तिसरी जाहिरात, आणि जमीन सरकारची. हे तीस दिवस तलाठ्याच्या फळ्यावरून घरातल्या बाईपर्यंत यायला वीस दिवस जातात. राजपत्र रोज सकाळी चहाबरोबर वाचणारी भगिनी मला तरी अजून भेटलेली नाही. मौज म्हणजे, 'माझ्या जमिनीतला कोळसा मीच काढीन' ही हरकत धरली जाणार नाही, एवढे मात्र त्या कायद्यात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आणि हरकत घ्यायची कुणी? सातबाऱ्यावर नाव भावाचे. वारसाची नोंद राहून गेलेली. लक्ष्मीमुक्तीचा शासननिर्णय १९९२ सालचा, नवऱ्याने हयातीत बायकोचे नाव लावावे म्हणून. आमच्या गावात तो ऐकला होता सगळ्यांनी, लावला किती जणांनी, हे विचारू नये. म्हणून या लेखाच्या मधोमध एक व्यावहारिक विनंती घालते: इतिहास नंतर वाचा, आधी घरचा सातबारा काढून आपले नाव त्यावर आहे का ते पाहा.

असो. चंद्रपूर शहराची हकीगत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ते काही खेडे नव्हे. गोंड राजांचा कोट, महाकालीचे देऊळ, इरई आणि झरपट या दोन नद्या, असे ते जुने राजधानीचे गाव. त्याच्या भोवती खाणी, वीजकेंद्र, सिमेंट. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला मिळाले १०० पैकी ८३.८८, आणि देशात चौथा क्रमांक. मुलाला एवढे गुण मिळाले असते तर आपण पेढे वाटले असते. खाणीच्या मातीचे ढिगारे इरईच्या काठाशी टाकल्याने नदीचे पात्र आवळले गेले, अशी नागरिकांची तक्रार पुष्कळ वर्षांची. २००६ आणि २०१३ च्या पुरांत शहरात पाणी शिरले तेव्हा ती तक्रार घराघरांतून ऐकू आली.

परंतु सगळीच गोष्ट हरण्याची नाही. शहर आणि ताडोब्याचे अरण्य यांच्यामध्ये लोहाऱ्याचे जंगल आहे. तिथे कोळशाची खाण काढायची योजना आली. २००९ साली 'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले, शहरातील लोक, त्यांत कितीतरी गृहिणी, त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याने ती योजना नाकारली. वाघांसाठी खाण थांबली, असे पुष्कळांनी लिहिले. मला वाटते ती चंद्रपूरच्या माणसांच्या फुप्फुसांसाठीही थांबली. पण वाघाचे वजन दिल्लीत अधिक पडते, तर पडो. त्याच्या आडून आम्ही वाचलो तरी चालेल.

घुग्घुसची गोष्ट मात्र वेगळी. तीसेक हजार वस्तीचे ते गाव, जुन्या कोळशाचे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या अमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गेले. पडले नव्हे, गेले. साठ-सत्तर फूट खोल खड्डा झाला आणि घर त्यात दिसेनासे झाले. जमीन हादरते आहे हे वेळेवर कळल्याने घरातली माणसे बाहेर धावली आणि वाचली. वस्तीच्या खाली जुनी, केव्हाच बंद झालेली भूमिगत खाण होती. आसपासच्या शंभराहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. मी वर खांब आणि वाळू यांविषयी लिहिले ते यासाठी. खाण बंद होते, तिची कागदपत्रे कपाटात जातात, अधिकारी निवृत्त होतात. पोकळी मात्र निवृत्त होत नाही. आपल्या शेजारच्या इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची रात्र आपण सर्वांनी सोसली आहे. तिथे दरड पावसाने आली, कारण निराळे. पण पायाखालची जमीन आपली राहत नाही म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यातल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही.

मातीच्या ढिगाऱ्यांविषयी बोलताना परदेशची एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स म्हणून डोंगराळ प्रांत आहे. तिथे अॅबरफॅन नावाचे कोळशाचे लहानसे गाव. खाणीचा कचरा वरच्या डोंगरावर ढिगाने टाकीत. सातव्या ढिगाखाली पाण्याचा झरा होता. वरच्या ढिगाचा चिखल शाळेच्या मागे येतो आहे अशी पत्रे नगरपालिकेच्या इंजिनिअराने १९६३ सालापासूनच लिहिली होती. शाळेतल्या मुलांच्या दोन आयांनी १९६५ साली मुख्याध्यापिकेकडे अर्जही दिला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मुले नुकतीच वर्गात बसली असताना, तो ढीग खाली आला आणि शाळेवर पडला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे मेली. आया हातांनी चिखल उपशीत होत्या. खाण सरकारी कोळसा मंडळाची होती. पुढच्या वर्षी चौकशी समितीने सर्व दोष त्या मंडळाच्या माथी ठेवला. तरी उरलेले ढीग हलवण्यासाठी मृत मुलांच्या नावे जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले; ते परत मिळाले १९९७ साली, दुर्घटनेनंतर एकतीस वर्षांनी.

सरकारी खाण म्हणजे आपलीच खाण, तिच्यावर काय तक्रार करायची, असे आमच्याकडे म्हणणारे भेटतात, तेव्हा मी त्यांना अॅबरफॅन सांगते. मालक बदलल्याने ढिगाचा उतार बदलत नाही. ढिगाला किती उंच जाऊ द्यायचे, त्याच्या पायथ्याशी पाणी कुठे निघते, त्याच्या आणि घरांच्या मधे किती अंतर हवे, हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. त्या दोन आयाही इंजिनिअर नव्हत्या.

आमच्या वहिनीने नोटीस मिळाल्यावर मला फोन केला तेव्हा तीस दिवसांपैकी बावीस गेले होते. "वन्सं, तुम्ही तिकडं मंडळात लिहिता-वाचता, मले एक अर्ज लिहून द्या ना," एवढेच ती म्हणाली. मी लिहायला बसले खरी, पण पहिला मसुदा इतका रागाचा झाला की तो फाडावा लागला. मग आपल्या मंडळातल्या दोघी भगिनी मदतीला आल्या. एक निवृत्त शिक्षिका, एक तहसील कचेरीत काम केलेल्या. त्यांनी पहिल्यांदा वारसाच्या नोंदीचा अर्ज वेगळा करायला लावला. हरकतीत भावनेची वाक्ये एकही ठेवू दिली नाहीत. विहिरीची खोली, कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात पाणी आटले, भिंतीची चीर किती बोटे, ढिगारा घरापासून किती पावलांवर, पावसाळ्यात त्याच्या पायथ्याने पाणी कोणत्या बाजूला वाहते, शाळा कुठे: हे सगळे वहिनीने तिकडे मोजून फोनवर सांगितले आणि आम्ही इकडे उतरवले. जमिनीची किंमत सर्वांत शेवटी घातली. आधी घालावी की शेवटी, यावर आमचे तिघींचे बरेच वाजले. माझे म्हणणे होते की किंमत आधी लिहिली की बाकीचे कुणी वाचीत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी वहिनीने अर्ज स्वतः नेऊन दिला. कारकुनाने पोच द्यायला टाळाटाळ केली. ती बाकावर साडेचार वाजेपर्यंत बसून राहिली आणि शिक्का घेऊनच उठली. सुनावणी झाली, तीत ती दहा मिनिटे बोलली. निकाल अजून आलेला नाही. मधल्या काळात तिने चार एकरांपैकी दोनांत सोयाबीन पेरले, आणि देवघराच्या भिंतीवर चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख घालून खूण केली आहे. या पावसाळ्यानंतर ती खूण आणि चीर यांत किती अंतर पडले, ते ती मला कळवणार आहे.